रॉक मशीन : एका वाद्यवृंदाची हकीकत



चंद्रपूर जिल्ह्यातील सावली या गावी 'बँड' हा शब्द कोणी उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम लग्नाची वरात उभी राहते. तांबडे डगले, खांद्यावर सोनेरी झालर, तोंडाशी लावलेले पितळी कर्णे आणि पुढे नाचणारी वऱ्हाडी मंडळी, असे ते चित्र असते. या बँडवाल्यांच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. काल आलेल्या चित्रपटातील गाणे ते आज बिनचूक वाजवितात. परंतु त्यांचे स्वतःचे असे गाणे नसते. सुपारी देणाऱ्याची फर्माईश हेच त्यांचे गाणे.

त्याच सावलीच्या परिसरात दिवाळी सरली आणि धानाच्या कापणीची गडबड ओसरू लागली, की वाजविणाऱ्यांची दुसरी एक मंडळी दिसू लागते. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम तेव्हा सुरू होतो. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो तो पहाटे खाली येतो, आणि रंगमंचापुढे बसलेले ऑर्गनवाले व तबलजी रात्रभर वाजवीत राहतात. त्यांच्या गाण्याची चाल पुष्कळदा उसनी असते, हे खरे. परंतु शब्द आपल्याच मुलखातील नाटककाराचे असतात, बोलणे आपल्याच माणसांचे असते आणि तिकीट काढून ऐकणाराही आपलाच असतो. वाजविणाऱ्यांच्या या दोन मंडळींमध्ये जे अंतर आहे, ते तोडून जाण्याचा प्रयत्न मुंबईतील काही तरुणांनी १९८४ सालापासून पुढे केला. त्यांच्या वृंदाचे नाव 'रॉक मशीन'. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

हा प्रयत्न समजण्यास दोन शब्दांचा खुलासा आधी करणे अवश्य आहे. या जातीच्या संगीताला त्याचे चाहते 'भूमिगत' संगीत म्हणतात. चंद्रपूरकडील वृद्ध मंडळींना भूमिगत म्हटले की १९४२ चा ऑगस्ट महिना व चिमूर आठवते, आणि ते स्वाभाविक आहे. येथे मात्र तसला अर्थ नाही. कोणाही पोलिसाच्या भीतीने हे लोक लपलेले नसतात. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या, सिनेमा आणि सरकारी नभोवाणी यांच्या पेठेत ज्या गाण्याला दुकान मिळत नाही, ते गाणे भूमिगत. तळघरातील उपाहारगृहात, महाविद्यालयाच्या संमेलनात, मित्राच्या रिकाम्या गाळ्यात ते वाजविले जाते, आणि त्याची कीर्ती एका तोंडातून दुसऱ्या कानात अशी पसरते.

दुसरा शब्द 'पंक'. इंग्रजीत हा शब्द मुळात शिवीवजाच. उनाड, टवाळ, कुचकामी पोर, असा त्याचा भाव आहे. १९७६ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील 'रामोन्स' आणि लंडनमधील 'सेक्स पिस्टल्स' व 'क्लॅश' या वृंदांनी तो शब्द बिरुदासारखा मिरविला. त्याआधी रॉक संगीत श्रीमंत झाले होते. वीस-वीस मिनिटांची वादने, ढीगभर यंत्रे आणि राजेशाही थाट. पंकवाल्यांनी दोन-तीन मिनिटांचे गाणे केले, गिटारीच्या तीन-चार स्वरमेळांत ते बसविले आणि ज्याला नीट वाजविता येत नाही त्यालाही व्यासपीठावर चढण्याची मुभा दिली. कर्कशपणाचा दोष त्यांच्यावर येतो व तो पुष्कळ अंशी खरा आहे. तथापि त्यांची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' नावाच्या वृंदाने १९७६ च्या डिसेंबरात चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कोणत्याही कंपनीच्या दारी न जाता, आप्तमित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेऊन, १९७७ च्या जानेवारीत त्याची तबकडी स्वतःच काढली. प्रथम १००० प्रती निघाल्या. त्या हां हां म्हणता संपल्या आणि पुढे ती तबकडी हजारोंनी खपली. 'इंडी' किंवा स्वतंत्र म्हणून जे संगीत आज ओळखले जाते, त्याच्या मुळाशी हा व्यवहार आहे. गाणे आपले, तबकडी आपली, विक्री आपली.

सावलीकरांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्र चरखा संघाच्या खादीकामाचे सावली हे एक नावाजलेले केंद्र होते. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन तेथेच भरले आणि महात्माजी त्यासाठी तेथे येऊन राहिले होते. गिरणीचे कापड तलम असते, स्वस्त असते आणि आयते मिळते. तरीही आपल्या हातचे जाडेभरडे सूत अंगावर घालावे, असे सांगणारा माणूस आणि कंपनीचे गुळगुळीत गाणे बाजूस सारून आपले खरखरीत गाणे आपण वाजवावे, असे म्हणणारा मँचेस्टरचा पोरगा, यांच्या आचारविचारांत आकाशपाताळाचे अंतर आहे. पण हातच्या वस्तूविषयीचा त्यांचा हट्ट एकाच जातीचा आहे. आणि वाद्यसामग्री अगदी थोडी असून गाणे सडेतोड कसे होते, याचे उदाहरण हवे असेल तर विदर्भात तुकडोजी महाराजांचेच घ्यावे. हातात एक खंजिरी, समोर खेड्यातील माणसे आणि शब्द स्वतःचे. १९४२ साली सरकारने त्यांना नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेविले. नुसत्या खंजिरीचे सरकारला भय वाटण्याचे काहीच कारण नव्हते. भय होते ते शब्दांचे.

आता मुंबईकडे वळू. मुंबईत इंग्रजी धाटणीचे गिटार-वृंद १९६० नंतरच्या दशकातच निघाले होते. 'शिमला' नावाच्या सिगारेटीची जाहिरात व्हावी म्हणून एका तंबाखू कंपनीने अशा वृंदांच्या स्पर्धा भरविल्या, आणि १९७० व १९७१ सालच्या स्पर्धकांची गाणी तबकड्यांवरही घेतली. स्वतंत्र संगीताला पहिला मोठा आश्रयदाता मिळाला तो सिगारेटवाला, ही मौजेची गोष्ट आहे. कुलाब्याला 'स्लिप डिस्क' नावाचे एक रात्रीचे ठिकाण होते. १९७२ साली इंग्लंडातील 'लेड झेपेलिन' या जगप्रसिद्ध वृंदातील जिमी पेज व रॉबर्ट प्लांट हे मुंबईस आले असता एका रात्री तेथे जाऊन वाजवून-गाऊन गेले. जुन्या मुंबईकर रसिकांत ही कथा अजून पुराणातल्या कथेसारखी सांगितली जाते.

मराठी माणसाला या प्रकरणात अगत्य वाटावे असे एक नाव आहे, ते नंदू भेंडे यांचे. आत्माराम भेंडे व डॉ. आशा भेंडे या नाट्यक्षेत्रातील दांपत्याचे हे चिरंजीव. 'सॅव्हेजेस', 'वेल्वेट फॉग', 'अॅटॉमिक फॉरेस्ट' अशा मुंबईच्या वृंदांतून ते गायले. १९७४ साली अॅलेक पदमसी यांनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे संगीतक इंग्रजीत रंगभूमीवर आणले, तेव्हा ज्यूडासची भूमिका त्यांनी केली. आणि १९७८ साली जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्ट याच्या संगीतकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' रचले व डॉ. जब्बार पटेल यांनी ते बसविले, त्यात भास्कर चंदावरकर व आनंद मोडक यांच्याबरोबर संगीताचा वाटा भेंडे यांनीही उचलला. शिवाय ते त्यात गायले. लावणी, अभंग व ठुमरी यांच्या शेजारी रॉकची गिटार मराठी नाटकात त्यावेळी निर्वेधपणे वाजली व प्रेक्षकांनी ती ऐकून घेतली. हा दरवाजा उघडला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

'अॅटॉमिक फॉरेस्ट' या वृंदाची कथा त्यामानाने करुण आहे. त्यांची एकच तबकडी निघाली, आणि तीही वृंद विस्कटून गेल्यानंतर, १९८१ च्या सुमारास. तिचा बोलबाला झाला नाही. पुढे तीस वर्षांनी, २०११ साली, अमेरिकेतील एका कंपनीने जुनी ध्वनिमुद्रणे शोधून ती नव्याने प्रसिद्ध केली, तेव्हा परदेशी संग्राहकांनी तिचे कौतुक केले.

अशा या परिस्थितीत १९८४ साली 'रॉक मशीन' निघाले. गिटारवादक महेश तिनईकर हे त्याच्या मूळ मंडळींपैकी. मंद्र गिटार मार्क सेल्विन यांच्याकडे होती व आरंभी इयान सांतामारिया हे गात असत. काही काळाने गायक म्हणून उदय बेनेगल आले आणि जयेश गांधी, झुबिन बालापोरिया व मार्क मेनेझिस या वादकांनी वृंद पुरा झाला. हिंदू, पारशी, ख्रिस्ती अशी सर्व मंडळी त्यात होती, पण त्याचे मुंबईत कोणाला विशेष वाटत नसे.

हे लोक पंकवाले नव्हते. हातात वाद्य धरता येत नाही तोच व्यासपीठावर चढणाऱ्यांतले ते नव्हते. उलट कसून तालीम करणारे होते. आरंभी त्यांनीही इतरांप्रमाणे परदेशी वृंदांचीच गाणी वाजविली. या प्रकाराला त्या जगात 'कव्हर' म्हणतात. त्या काळी त्यावाचून गत्यंतरही नव्हते. महाविद्यालयांच्या संमेलनांत, विशेषतः पवईच्या तंत्रविद्यालयाच्या 'मूड इंडिगो' मध्ये, श्रोते येत ते परदेशी तबकडीवरचे गाणे प्रत्यक्ष ऐकावयास मिळावे म्हणून. मूळ वृंद हिंदुस्थानात येण्याचा संभव नव्हता, त्याच्या तबकड्याही दुर्मिळ. तेव्हा जो वृंद हुबेहूब नक्कल करील तो श्रेष्ठ ठरे. त्यातून मधेच एखाद्याने 'आता आमचे स्वतःचे गाणे' असे म्हटले, की श्रोत्यांत चुळबूळ सुरू होई. नाटकात नवे पद सुरू झाले की चहाला उठणारे प्रेक्षक आपल्याकडेही होतेच की!

वाद्यांची अडचण वेगळी. परदेशी गिटारीवर जबर जकात, ध्वनिवर्धक मिळणे त्याहून कठीण. कलकत्त्याला तयार होणारी 'गिव्हसन' नावाची देशी गिटार शिकाऊ मुलांच्या हाती असे. तिच्या तारा बोटे कापीत, अशी तक्रार करणारे गिटारवादक आज साठीच्या घरात आहेत. कोणाचा मामा विलायतेहून येणार असला, तर त्याच्या सामानातून तारांची जुडी मागवावयाची, हा राजमार्ग होता.

अशा स्थितीत या मंडळींनी निश्चय केला तो असा की, यापुढे वाजवावयाचे ते स्वतः रचलेले गाणे. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटते. ज्याची उपजीविका फर्माईशीवर चालते त्या बँडवाल्याने वरातीत उभे राहून 'आता मी माझी चाल वाजविणार' असे म्हणावे, तसला हा प्रकार होता. १९८८ साली त्यांचा पहिला संग्रह 'रॉक अँड रोल रेनिगेड' बाहेर पडला. रेनिगेड म्हणजे पक्ष सोडून गेलेला, फितूर. स्वतःच्या गाण्यांचा संग्रह काढणाऱ्या पहिल्या थोड्या हिंदी रॉक-वृंदांत त्याची गणना होते. १९९० साली दुसरा संग्रह 'द सेकंड कमिंग' आला. आणि आश्चर्य हे की, ज्या श्रोत्यांना परक्याचेच गाणे हवे होते, त्यांना यांची गाणीही हवीशी झाली. ती त्यांना मुखोद्गत झाली आणि शेकडो मुले ती वृंदाबरोबर म्हणू लागली.

हे बहुतेक जेथे घडले, त्या जागेविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. धोबीतलावजवळ, सेंट झेवियर महाविद्यालयाच्या शेजारी, 'रंगभवन' नावाचे उघडे नाट्यगृह आहे. वर आकाश, समोर पायऱ्यापायऱ्यांची बैठक. मराठी नाटके आणि गाण्याच्या मैफली यांनी ते गाजले होते. १९८६ साली फरहाद वाडिया यांनी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास 'इंडिपेंडन्स रॉक' हा उत्सव सुरू केला व पुढे कित्येक वर्षे तो रंगभवनातच होत असे. ऑगस्ट महिना, मुंबईचा पाऊस आणि आच्छादन नाही! भिजत, चिखलात उभे राहून, घामाने व पावसाने सारखेच ओले होऊन तरुण मंडळी पाच-पाच, सहा-सहा तास ऐकत असत. काळे सदरे व वाढलेले केस पाहून रस्त्यावरचे लोक बिचकत. आत मात्र एरवी महाविद्यालयात पहिल्या बाकावर बसणारी मुलेही पुष्कळ असत. या रंगभवनाने मुंबईच्या रॉक संगीताला जे दिले, ते कोणत्याही कंपनीने दिले नाही. ते म्हणजे, वर्षातून एकदा एकमेकांना पाहण्याची जागा. आपल्यासारखे आणखी कोणी आहे, एवढे समजले तरी मनुष्याला पुष्कळ बळ येते.

पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रुग्णालये, विद्यालये व न्यायालये यांच्या सभोवार १०० मीटरांचा प्रदेश शांतताक्षेत्र ठरला, आणि एका बाजूस महाविद्यालय व जवळच रुग्णालये असलेले रंगभवन त्यात सापडले. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तेथील गाणे थांबले. रुग्णाच्या झोपेपुढे गिटारीचा हक्क सांगता येणार नाही, हे कोणीही समंजस माणूस कबूल करील. मात्र एक जागा बंद झाली तेव्हा तिच्या बदली दुसरी उभी करावी, हे कोणाच्याही मनात आले नाही. मराठी नाटकवाल्यांनीही त्याविषयी हळहळ व्यक्त केली, कारण गेले ते त्यांचेही होते.

परंतु हे नंतरचे. रॉक मशीनच्या कथेला १९९१ साली निराळेच वळण लागले. त्या वर्षी उपग्रहावरून 'स्टार' दूरचित्रवाणी हिंदुस्थानात दिसू लागली आणि तिच्याबरोबर आहोरात्र गाणीच दाखविणारी 'एमटीव्ही' ही वाहिनी आली. गच्चीगच्चीवर थाळ्या उभ्या राहिल्या. या वाहिनीला आशियातील वृंद हवे होते, आणि चित्रफीत करण्याजोगा तयार वृंद मुंबईत होता. तथापि परदेशी प्रेक्षकांपुढे जाताना 'रॉक मशीन' हे नाव या मंडळींना खटकू लागले असावे. आपण कोठले, हे त्या नावातून कळत नव्हते. १९९३ साली त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' असे केले. सिंधूचा पंथ, असा त्याचा अर्थ करता येईल. त्यांच्या वादनातही हिंदी रंग अधिक दिसू लागला. त्याच वर्षी त्यांच्या 'प्रेटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीच्या वार्षिक पारितोषिकांत आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचे पारितोषिक मिळाले. १९९५ साली 'ट्रॅप्ड' हा संग्रह निघाला.

येथवरची चढती कमान पाहून पुढे काय झाले असेल, याचा तर्क कोणीही चुकीचाच करील. १९९७ साली वृंद मोडला. उदय बेनेगल व जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तेथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' नावाचा वृंद काढला. मुंबईत राहिलेल्यांनी आपापला मार्ग धरला.

असे का व्हावे? ज्या वाहिनीने त्यांना उचलून धरले, तीच मधल्या काळात पालटली होती. १९९६ साली ती हिंदुस्थानासाठी म्हणून स्वतंत्रपणे सुरू झाली तेव्हा तिच्या चालकांना कळून चुकले की, या देशातील घराघरांत शिरावयाचे तर हिंदी गाणे पाहिजे, आणि हिंदी गाणे म्हणजे बव्हंशी सिनेमाचे गाणे. त्याच सुमारास आलिशा चिनॉय यांच्या १९९५ च्या संग्रहाने हिंदी पॉप गाण्याची मोठी लाट आणिली होती. इंग्रजीत गाणाऱ्या वृंदाला पडद्यावर जागा उरली नाही. वाहिनीने त्यांना दगा दिला असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. दुकानदार गिऱ्हाईक पाहून माल मांडतो. दोष शोधावयाचाच तर तो अन्यत्र शोधला पाहिजे.

रॉक मशीनच्या मंडळींनी चाल आपली केली, वादन आपले केले, शब्दही आपले केले. परंतु ते शब्द इंग्रजी भाषेत होते. यावर त्यांचे उत्तर असे असते की, आम्ही विचार इंग्रजीत करितो, घरी-दारी तीच बोलतो, तेव्हा आमच्या दृष्टीने तीच आमची भाषा. या उत्तरात अप्रामाणिकपणा नाही. मुंबईच्या वांद्र्यात किंवा पेडर रोडवर वाढलेल्या मुलाने ओढूनताणून ग्रामीण मराठीत गाणे रचले असते, तर ते अधिक खोटे झाले असते. परंतु त्याचा परिणाम टळत नाही. इंग्रजी गाणे ऐकणारा हिंदी मनुष्य मूळ इंग्रजी गाणेही ऐकू शकतो; त्याच्यापुढे सारे जग पडलेले असते. त्याला मुंबईच्या वृंदाचे अगत्य असते ते आवडीपुरते, गरजेपुरते नव्हे.

वाद्ये परकी म्हणून गाणे परके, असा आक्षेप काही लोक घेतात. तो मात्र टिकत नाही. आपल्या नभोवाणीनेच १९४० साली पेटी परकीय व बेसूर म्हणून तिला बंदी केली होती व पुढे तीस वर्षे ती चालू ठेविली. या काळात महाराष्ट्रात एकही कीर्तन पेटीवाचून अडले नाही, असे नव्हे तर एकही कीर्तन पेटीवाचून झाले नाही, असेच म्हटले पाहिजे. बालगंधर्वांच्या नाटकांतील ऑर्गन विलायती, झाडीपट्टीच्या रंगमंचापुढचा ऑर्गनही त्याचाच भाऊबंद. त्याच्या शेजारी आता बोटांनी बडवावयाचा विजेचा ढोलही आला आहे. सावलीच्या प्रेक्षकाला त्यात काही वावगे वाटत नाही. त्याला समोरच्या पात्राचे बोलणे समजते, त्या बोलण्यात त्याच्या शेताचा, सासुरवाडीचा, सावकाराचा उल्लेख असतो, आणि म्हणून थंडीत कुडकुडत तो पहाटेपर्यंत बसतो. वडसा येथे ठाण मांडून बसलेल्या नाटक मंडळ्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांत हंगामभर हिंडतात आणि तिकिटांवर जगतात. त्यांना सिगारेटवाला लागला नाही की उपग्रह लागला नाही. या रंगभूमीवर जन्म घालविलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या पुष्कळ वाचकांनी झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा ऐकले. याअर्थी झाडीपट्टीची रंगभूमीही भूमिगतच म्हणावयाची. फरक इतकाच की, जमिनीखाली तिची मुळे होती.

झाडीपट्टीची तारीफ करताना तिच्याकडे डोळे झाकून पाहण्याचेही कारण नाही. सिनेमाच्या चालींची उसनवारी तेथे वाढते आहे, आणि कथानकाशी संबंध नसलेली नृत्ये मध्येच घुसडली जातात, अशी तक्रार त्या रंगभूमीवर प्रेम करणारेच करितात. वरातीच्या बँडकडे घसरण्याचा मोह कोणालाही सुटत नाही.

नंदू भेंडे यांनी १९७८ साली जो दरवाजा दाखविला होता, त्यातून रॉक मशीनची मंडळी गेली नाहीत. मराठी गीतकार व मुंबईचा रॉक-वृंद यांची गाठ त्या काळी पडली असती तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्याच वर्षांत दलित साहित्याची कविता मुंबईत ऐन भरात होती. तिच्यातील संताप, तिची रोखठोक बोली आणि पांढरपेशा कानांना झोंबणारे तिचे शब्द पाहता, पंक गाण्याला हवे ते सारे तेथे तयार होते. कामाठीपुऱ्याजवळचा कवी आणि कुलाब्याचा गिटारवादक यांच्यामध्ये ट्रामचा मार्ग एके काळी तीन-चार मैलांचा होता. तेवढे अंतर कोणी चालून गेले नाही. भेंडे स्वतः २०१४ साली निवर्तले.

इंडस क्रीड मोडल्यावर मुंबईतील या संगीताचा प्रवाह आटला मात्र नाही. विशाल दादलानी यांचा 'पेंटाग्राम' हा वृंद २००५ साली इंग्लंडातील ग्लॅस्टनबरीच्या विख्यात उत्सवात वाजवून आला. दादलानी यांनी दुसऱ्या हाताने हिंदी चित्रपटांना संगीत देऊन चरितार्थाचा प्रश्न सोडविला. पुढच्या काळात 'ट्रिपवायर', 'रायट पेडलर्स', 'लाइटइयर्स एक्स्प्लोड' असे खरोखरीचे पंक-वृंदही मुंबईत निघाले. इंग्लंडात पंकचा भर ओसरून तीस वर्षे झाल्यावर तो येथे आला, याबद्दल त्यांची थट्टा करणारे आहेत. पण संगीताला पंचांग नसते. घराचे न परवडणारे भाडे, लोकलमधील चेंगराचेंगर, पोलिसांचा दंडुका आणि सिनेमाचे सर्वत्र पसरलेले साम्राज्य, हे विषय मुंबईच्या तरुणाला तेव्हाच नव्याने भेडसावीत होते. आता ध्वनिमुद्रणाला कंपनीची गरज राहिली नाही; शयनगृहात बसून संगणकावर गाणे मुद्रित करावे व त्याच रात्री जगापुढे ठेवावे, इतके ते सोपे झाले आहे. बझकॉक्सला जे पाचशे पौंड उसने घ्यावे लागले, तेवढेही लागत नाहीत. अडचण आता दुसरीच आहे. गाणी इतकी झाली आहेत की ऐकणारा मिळत नाही.

२०१० साली उदय बेनेगल, महेश तिनईकर व झुबिन बालापोरिया हे पुन्हा एकत्र आले. मंद्र गिटारीला रुशाद मिस्त्री आणि ढोलाला जय राव कवी असे दोन तरुण वादक त्यांनी घेतले व इंडस क्रीड पुन्हा उभे केले. २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' हा त्यांचा नवा संग्रह निघाला. जुनी लोकप्रिय गाणी पुन्हा मुद्रित करून विकणे त्यांना सहज शक्य होते आणि जुन्या श्रोत्यांची मागणीही तीच असणार. त्यांनी ते केले नाही. संग्रहात नवीच गाणी घातली. कार्यक्रम आता बंदिस्त सभागृहांतून व उपाहारगृहांतून होत असत, कारण रंगभवनात गाण्यास मज्जाव होता.